जुलै १९१४ वर्गात कसा खेळवायचा : युती, तारा आणि सहा फेऱ्या

पहिल्या महायुद्धाची कारणं विचारली की उत्तरपत्रिकेत एक वाक्य हमखास सापडतं : 'युरोप दोन गटांत विभागला गेला होता, त्यामुळे युद्ध भडकले.' मार्क मिळतात, पोरगं पुढच्या प्रश्नाकडे वळतं. पण इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या करारात होता आणि १९१४ च्या ऑगस्टमध्ये तटस्थ राहिला. उतरला तो १९१५ मध्ये, तेही समोरच्या बाजूने. उलट ब्रिटनने फ्रान्सला 'तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही लढू' असं करारात कधीच लिहून दिलं नव्हतं, तरी ४ ऑगस्टला तो युद्धात होता. म्हणजे करारवाला घरी बसला आणि बिनकराराचा रणात गेला. हे फळ्यावर सांगितलं तर मुलं माना डोलावतात आणि परीक्षेत पुन्हा तेच वाक्य लिहितात. म्हणून हा खेळ. तो नववी ते बारावीच्या मुलांसाठी आहे आणि अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग धरून मांडला आहे, कारण आपल्याकडे पंधरा मुलांचे वर्ग नसतात.

१९१४ च का?

पहिल्यांदाच खेळवणार असाल तर भारत-पाकिस्तान घेऊ नका. वर्गातलं कुणी मनापासून पाकिस्तान होत नाही. झालंच तर मधल्या सुट्टीत त्याची चेष्टा होते, आणि भारताचा गट वाटाघाटी करण्याऐवजी भाषण ठोकतो. १९१४ च्या युरोपात आपला असा कुणीच नाही. सर्बियाचा अभिमान नाही, ऑस्ट्रियाचा राग नाही. त्यामुळे मुलं देशाच्या गरजेवरून विचार करायला लागतात आणि हवी ती सवय तिथेच लागते. शिवाय २३ जुलै (ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता) ते ४ ऑगस्ट (ब्रिटन युद्धात) या तेरा दिवसांत कोणी कोणाला काय कळवलं याचे कागद उपलब्ध आहेत, त्यामुळे खेळ संपल्यावर ताडून बघता येतं.

किती वेळ, किती मुलं

तीन बैठका लागतात. पहिली एक तासिका : पार्श्वभूमी आणि कार्डवाटप. दुसरी जोड तासिका, म्हणजे सत्तर मिनिटं : प्रत्यक्ष खेळ. तिसरी पुन्हा एक तासिका : चर्चा. वेळापत्रकात जोड तासिका नसेल तर चित्रकलेच्या किंवा पीटीच्या शिक्षकांशी आधीच बोलून ठेवा. शेजारच्या वर्गालाही कल्पना द्या, आवाज होणारच. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा मिळाली तर उत्तम, कारण देशांची टेबलं एकमेकांपासून लांब हवीत.

गट असे : ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी, रशिया, फ्रान्स, ब्रिटन प्रत्येकी सहा, सर्बिया पाच, इटली चार, बेल्जियम तीन. उरलेल्या सहांपैकी तीन तारघरात, दोन वार्ताहर आणि एक 'हिंदुस्थान'. या शेवटच्याबद्दल पुढे येईलच.

गट पाडताना मित्रमंडळं फोडा. एरवी एका बाकावर बसणारे दोघं रशिया आणि जर्मनीत गेले की खरी मजा येते : मैत्री आहे, तरी बोलता येत नाही. आणि वर्गातला सर्वांत बोलका मुलगा ब्रिटनला देऊ नका, त्याला सर्बियाला द्या. ताकद नसलेल्या देशाला जिभेचीच गरज असते.

कार्डं : सगळी मेहनत इथे

खेळ बसतो की फसतो ते कार्डांवर ठरतं. सैन्याचे आकडे, तोफा, जहाजं यांची यादी देऊ नका; मुलं त्याची बेरीज करत बसतात. प्रत्येक देशाला दोनच गोष्टी सांगा : तुम्हाला भीती कशाची आहे आणि तुम्हाला घाई किती आहे. शंभर-सव्वाशे शब्द, सोपं मराठी, एका पानावर. या देशाच्या कार्डाखेरीज गटातल्या काही जणांना स्वतंत्र गुप्त चिठ्ठी द्यायची. ती त्यांनी आपल्या गटाला सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

जर्मनीचं देशकार्ड सांगतं की ५ जुलैला आपण ऑस्ट्रियाला पूर्ण पाठिंब्याचा शब्द दिला आहे. जर्मन सेनापतीची चिठ्ठी वेगळी : 'आपल्याकडे युद्धाची एकच योजना आहे. आधी बेल्जियममधून जाऊन साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला नमवायचं, मग रशियाकडे वळायचं. रशियाची तयारी आपल्याआधी झाली तर योजना कोसळली.' कैसर (जर्मन सम्राट) झालेला मुलगा शांततेच्या गोष्टी करत असतो आणि सेनापती घड्याळाकडे बघत असतो. दोघं आपापल्या जागी खरेच असतात.

रशियाच्या कार्डावर १९०८ चा सल लिहा : ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा रशियाला माघार घ्यावी लागली होती, पुन्हा तशी घेतली तर बाल्कनमध्ये कोणी विचारणार नाही. रशियन सेनापतीची चिठ्ठी : 'फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध अर्धी जमवाजमव (युद्धासाठी सैन्य गोळा करणं) केली तर पुढची पूर्ण जमवाजमव विस्कटेल.' झारला, म्हणजे रशियन सम्राटाला, हे ठाऊक नाही.

ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्र्याला गुपचूप सांगा की सर्बियाला जाणारा खलिता असा लिहिला आहे की सर्बियाने तो नाकारावा. त्याच गटात हंगेरीचा पंतप्रधान तिसा ठेवा. प्रत्यक्षात तो आधी युद्धाविरुद्ध होता आणि सर्बियाचा प्रदेश गिळायचा नाही या अटीवर राजी झाला. त्याच्या सहीशिवाय ऑस्ट्रियाला युद्ध पुकारता येत नाही.

इटलीचं कार्ड मी सर्वांत जपून लिहितो. करार बचावासाठी आहे; दोस्ताने स्वतः हल्ला केला तर बांधिलकी नाही. ऑस्ट्रियाला बाल्कनमध्ये काही मिळालं तर त्या बदल्यात इटलीलाही काही मिळायला हवं, असं करारातच म्हटलं आहे. १९०२ मध्ये फ्रान्सशी गुप्त समझोता झाला आहे, आणि लांबलचक किनारा ब्रिटिश आरमाराच्या माऱ्यात आहे. एवढं हातात दिलं की चार मुलं कुणी न शिकवता दोन्हीकडे भाव करायला लागतात.

ब्रिटनची सहा मुलं म्हणजे मंत्रिमंडळ. प्रत्येकाला मताची चिठ्ठी : दोन हस्तक्षेपाच्या बाजूचे, दोन विरोधात, दोन कुंपणावर. चार मतांशिवाय काहीही करता येत नाही. देशकार्डावर फ्रान्सशी झालेली आरमारी वाटणी (त्यांचं आरमार भूमध्य समुद्रात, आपलं उत्तर समुद्रात) आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा करार. खऱ्या मंत्रिमंडळात युद्धाच्या तोंडावर मॉर्ले आणि बर्न्स या दोघांनी राजीनामे दिले, तेव्हा वर्गातही राजीनाम्याची सोय ठेवा. राजीनामा दिलेलं मूल वार्ताहरांत जातं आणि तिथे भलतंच उपयोगी ठरतं.

फ्रान्सच्या कार्डावर १८९४ पासूनची रशियाशी लष्करी युती आणि जर्मनीची धास्ती, सर्बियाच्या कार्डावर स्वातंत्र्य आणि रशियाचा भरवसा, बेल्जियमच्या कार्डावर फक्त तटस्थता. बेल्जियमची तीन मुलं पाच फेऱ्या कंटाळतात. कंटाळू द्या, सहाव्या फेरीत त्यांच्याकडेच सगळ्यांचं लक्ष लागतं.

नियम

फासे नाहीत. नशिबावर ढकलायची सोय असली की मुलं निर्णयाची जबाबदारी घेत नाहीत. १९५९ साली बाजारात आलेल्या ॲलन कॅलहॅमरच्या 'डिप्लोमसी' या पटावरच्या खेळातही फासे नाहीत : बोलणी करायची, हुकूम लपवून लिहायचे आणि सगळ्यांचे एकदम उघडायचे. ती युक्ती जशीच्या तशी उचला.

एक फेरी आठ मिनिटांची. पहिलं मिनिट वार्ताहर बातमीपत्र वाचतात. पुढची पाच मिनिटं खलबतं आणि तारा. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक देश हुकूमपत्र लिहून घडी घालून देतो आणि शिक्षक सगळी एकामागून एक वाचतात.

देशादेशांत बोलणं फक्त तारेने. तार म्हणजे पंधरा शब्दांची चिठ्ठी, वर पाठवणारा, घेणारा आणि फेरीचा क्रमांक. ती तारघरात द्यायची, तिथली मुलं तिची नोंद करून पोचवतात. एका खेपेला एकच तार नेता येते, त्यामुळे चौथ्या फेरीत तारघरासमोर रांग लागते आणि महत्त्वाचा निरोप उशिरा पोचतो. ती रांग मोडू नका. वाचून झालेली प्रत्येक चिठ्ठी तारघरात परत आली पाहिजे, चर्चेच्या दिवशी तोच पुरावा आहे. प्रत्येक देशाला संपूर्ण खेळात एकदा राजदूत पाठवून दोन मिनिटं समोरासमोर बोलता येईल. आणखी एक वेगळी सवलत : कैसर आणि झार नात्याने भाऊ होते आणि त्या दिवसांत 'विली' आणि 'निकी' अशा सह्यांनी एकमेकांना तारा करत होते. त्या दोन मुलांना तारघराला वळसा घालून दोन-दोन खासगी चिठ्ठ्या द्या.

तारांची भाषा सुरुवातीलाच शिकवा. नाहीतर पहिल्याच फेरीत 'सैन्य मागे घ्या, नाहीतर बघून घेऊ' अशा तारा सुटतात. फळ्यावर दोन-चार नमुने लिहून ठेवा : 'आपल्या सरकारला कळवण्यात येते की…', 'या कृतीकडे आमचे सरकार मैत्रीच्या नजरेने पाहू शकणार नाही.' धमकी सभ्य शब्दांत कशी बसवायची हे मुलांना फार लवकर जमतं, आणि मराठीच्या बाईही खूश होतात.

जमवाजमव सोंगट्यांनी दाखवा. जर्मनी आणि फ्रान्सला एक फेरी, ऑस्ट्रियाला दोन, रशियाला तीन. हे आकडे खेळापुरते, पण क्रम खरा आहे : रशिया अवाढव्य, रेल्वे विरळ, म्हणून वेळ जास्त. हुकूम दिल्यापासून दर फेरीला एक सोंगटी टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी. रशियासमोर दोन सोंगट्या लागेपर्यंत जर्मनीने हुकूम दिला नसेल तर जर्मन सेनापतीची योजना बाद. सोंगटी उचलता येते, पण मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ब्रिटनचं आरमार आधीच सज्ज आहे, त्याला सोंगट्या नकोत.

युद्ध पुकारायचं तर गटातल्या तिघांच्या सह्या हव्यात, आणि राष्ट्रप्रमुखाने उभं राहून कारण मोठ्याने वाचायचं. दुसऱ्या फेरीतच 'चला, हल्ला!' म्हणणारी पोरं कारण लिहायला बसली की निम्मी गार होतात. ऑस्ट्रिया आणि ब्रिटनला त्यांच्या कार्डावरची अट जादा. बेल्जियममध्ये तिघंच आहेत, म्हणून तिथे सर्वांचं एकमत लागतं.

आणि लढाई खेळायची नाही. युद्ध पुकारलं गेलं की ती नोंद फळ्यावर होते, बाकीच्यांचा खेळ चालू राहतो. कोण जिंकलं हे ठरवायला गेलात की मागच्या बाकांवर बंदुकीचे आवाज सुरू होतात आणि तुमचा मुत्सद्देगिरीचा तास संपला.

सहा फेऱ्या

पहिली, २३–२४ जुलै. २८ जूनला साराजेव्होत युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याच्या पत्नीचा खून झाला आहे, एवढी बातमी वाचून झाली की ऑस्ट्रिया सर्बियाला निर्वाणीचा खलिता देतो, मुदत ४८ तास. खऱ्या खलित्यात दहा मागण्या होत्या, वर्गात चार पुरतात : ऑस्ट्रियाविरोधी छापील प्रचार बंद करा, आम्ही सांगू ते अधिकारी काढा, कटातल्या संशयितांना पकडा, आणि सर्बियाच्या भूमीवरच्या तपासात आमचे अधिकारी घ्या. खलिता देताना फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाला आणि पंतप्रधानाला उठवून खिडकीजवळच्या वेगळ्या बाकावर बसवा. ते जहाजावर आहेत. प्वांकारे आणि व्हिव्हियानी रशियाच्या भेटीवरून समुद्रमार्गे परत निघावेत आणि मगच खलिता पोचावा, अशी वेळ ऑस्ट्रियाने साधली होती. ते दोघं २९ जुलैला डंकर्कला उतरले, म्हणून वर्गातही तिसरी फेरी संपेपर्यंत बाकावरच. कैसरही नॉर्वेच्या समुद्रात सहलीला गेला होता, त्याला पहिल्या दोन फेऱ्या बाकावर बसवा. ही मुलं तिथून हातवारे करत राहतात, आणि त्यांच्या गटात नको तो माणूस सूत्रं हातात घेतो. संकटाच्या वेळी माणूस जागेवर नसणं म्हणजे काय, हे यापेक्षा चांगलं समजावता येत नाही.

दुसरी, २५–२६ जुलै. सर्बियाचं उत्तर. खऱ्या सर्बियाने बहुतेक मागण्या कमी-अधिक प्रमाणात मान्य करून तपासात परके अधिकारी घेण्याची मागणी नाकारली. तुमच्या सर्बियाने काय करायचं ते तिला ठरवू द्या. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला इथे चिठ्ठी द्या : चार राष्ट्रांची परिषद भरवण्याचा प्रस्ताव मांडता येईल. एडवर्ड ग्रेने तो मांडला होता, जर्मनीने उडवून लावला.

तिसरी, २७–२८ जुलै. कैसर परत येतो. खऱ्या कैसरने सर्बियाचं उत्तर वाचून, आता युद्धाला कारणच उरलं नाही, असं लिहिलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारलं. वर्गात हे आधी सांगायचं नाही.

चौथी, २९–३० जुलै. सोंगट्यांची फेरी. इथे तुम्ही गप्प बसा. झारने २९ ला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम देऊन कैसरची तार आल्यावर मागे घेतला आणि ३० ला पुन्हा दिला. तुमच्या झारलाही तसं करायला मोकळीक आहे.

पाचवी आणि सहावी, ३१ जुलै ते ४ ऑगस्ट. आता फेऱ्या सहा-सहा मिनिटांच्या करा. खरी माणसंही तेव्हा झोपेविना निर्णय घेत होती. जर्मनीची सोंगटी लागली असेल तर बेल्जियमला वाट मागणारी तार जाते, आणि तीन कंटाळलेली मुलं खडबडून जागी होतात.

हिंदुस्थानची खुर्ची

ब्रिटनच्या टेबलामागे एक मूल बसतं. छातीवर 'हिंदुस्थान' अशी पट्टी. त्याला कार्ड नाही, मत नाही, तार नाही. ब्रिटनने युद्ध पुकारलं तर शिक्षक त्याला एक बंद पाकीट देतात, ते त्याने सगळ्यांना वाचून दाखवायचं : 'तुम्हीही युद्धात आहात. तुम्हाला विचारलेलं नाही.' एखादं शांत, पण विचार करणारं मूल इथे निवडा, त्याच्याकडे चर्चेच्या दिवशी बोलायला सगळ्यांत जास्त असतं.

महाराष्ट्राचा धागा इथेच जुळतो. त्या युद्धात तेरा लाखांहून अधिक भारतीय सैन्यात आणि सैन्याच्या सेवेत गेले, सत्तर हजारांहून अधिक परतले नाहीत. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे शरणागती पत्करावी लागली ती सहाव्या पूना डिव्हिजनला, आणि तीत मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) गावात त्या युद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आपल्या गावात किंवा तालुक्यात असा एखादा दगड आहे का, हे शोधायला मुलांना सुट्टीचा गृहपाठ द्या.

चर्चेची तासिका

खेळाइतकीच ही महत्त्वाची, आणि नेमकी हीच 'पोर्शन राहिलाय' म्हणून गाळली जाते. ती गाळणार असाल तर खेळही घेऊ नका. मुलांच्या लक्षात फक्त दंगा राहील.

आधी पट्ट्या काढायला लावा. 'आता तू जर्मनी नाहीस' हे तोंडाने म्हणा, विशेषतः ज्याने शब्द फिरवला त्या मुलाला. फसवणूक देशाची होती, पोराची नव्हे. नाहीतर भांडण घरापर्यंत जातं.

मग फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे आपल्या वर्गात काय झालं, उजवीकडे १९१४ मध्ये काय झालं. तारघराच्या चिठ्ठ्या फेरीनुसार फळ्याखाली लावा आणि गुप्त चिठ्ठ्या पहिल्यांदाच उघड्या करा. इथे वर्गात एकच गलका होतो : 'मॅडम, याला आधीच माहीत होतं!' तो ओसरू द्या आणि मग विचारा : चौथ्या फेरीत तुम्हाला काय माहीत होतं? काय माहीत आहे असं वाटत होतं? आणि थांबलात तर कशाची भीती होती?

शेवटी इटली आणि ब्रिटनला उभं करा. करार असून का गेला नाहीस? करार नसून का गेलास? वरच्या परीक्षेच्या वाक्याला दुरुस्ती मुलांकडूनच येऊ द्या. करार महत्त्वाचे होतेच, ते कोणाला कोणाची भीती वाटावी हे ठरवत होते. पण निर्णय दर वेळी कुणीतरी खोलीत बसून, अपुऱ्या माहितीवर, घड्याळाकडे बघत घेतला. इतिहासकार दोष कोणाचा यावर अजून भांडतात, तेव्हा तासिका संपेपर्यंत वर्गाचं एकमत व्हायला हवं असा आग्रह नको.

वर्गाने युद्ध टाळलं तर? खेळ फसला असं समजू नका. विचारा, तुम्हाला जे जमलं ते त्यांना का जमलं नाही? कोणीतरी म्हणतंच, 'आम्हाला शेवट माहीत होता.' आता विचारा, शेवट माहीत असूनही ज्या फेरीत तुमचा हात युद्धाच्या कागदाकडे गेला, ती कोणती?

मूल्यमापन कसं करायचं, हा प्रश्न स्टाफरूममध्ये येणारच. 'जिंकलेल्या' देशाला गुण देऊ नका. प्रत्येकाकडून दीड पानाचा अहवाल घ्या : माझ्या देशाचा एक निर्णय, त्या वेळी हाताशी असलेले दुसरे दोन पर्याय, आणि तो का घेतला. चिठ्ठीचा पुरावा दिला तर जादा गुण.

दुसऱ्या वेळी काय खेळवायचं

वर्ग लहान असेल, वीस-पंचवीस मुलं, तर ऑक्टोबर १९६२ चं क्युबाचं संकट घ्या. तेही तेरा दिवसांचं, पण दोनच मोठे गट असल्याने युतीचा पेच कमी आणि आतल्या सल्लागारांचा वाद जास्त. नववीला शीतयुद्ध शिकवताना ते चपखल बसतं. वर्ग मुरला असेल तर १९७१ : भारत-सोव्हिएत मैत्री करार ९ ऑगस्टचा, युद्ध डिसेंबरचं, मधले चार महिने खेळायचे. मात्र तेव्हा सीमेवर तणाव नसावा.

मराठी मुलांना सर्वांत जास्त रंगतं ते पानिपत, पण लढाईचं नव्हे, १७६० चं. अब्दाली आणि भाऊसाहेब दोघंही अवधच्या शुजाउद्दौल्याकडे वकील पाठवतात, सूरजमल जाट आधी बरोबर असतो आणि मग निघून जातो, रजपूत राजे काठावर बसतात, नजीबखान जोड्या लावत फिरतो. शुजाला चार मुलं द्या आणि त्यांच्या टेबलाला बाकीच्या सगळ्यांनी वेढा घातलेला बघा. इथे मात्र 'आपली बाजू' आहे, म्हणून मराठ्यांच्या गटात इतिहासात सर्वांत हुशार मुलं घालण्याचा मोह टाळा आणि ती नजीबखानाकडे द्या. तारघराच्या जागी जासूद येतील. निरोप पोचायला दोन फेऱ्या लागतील आणि एखादा वाटेत पकडला जाईल. तो नियम आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं शिक्षकांवर पक्षपाताचा आरोप करतात.